अडीच महिन्यांच्या बाळाची चुळबुळ

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्याला, पुस्तकांची दुकानं आणि सरस्वती भुवनची शाळा-कॉलेजं यांच्या गर्दीत जिल्हा परिषद आहे. खेड्यापाड्यांतली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं तिच्या आरोग्य विभागाखाली येतात. कोणत्या गावात कोणत्या दिवशी लसीकरण, कोणत्या बाळाचा कितवा डोस राहिला, ही सगळी उस्तवार तिकडची. तिथून फार लांब नाही अशा अंतरावर घाटी, म्हणजे १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. मराठवाड्यातली अडलेली बाळंतपणं, दिवस न भरता जन्मलेली, कमी वजनाची, ‘जन्मल्यावर रडलीच नाहीत’ अशी बाळं घाटीकडे धाडली जातात. एका ठिकाणी तारखांची वही, दुसऱ्या ठिकाणी धोक्यात जन्मलेल्या बाळांची. सेरेब्रल पाल्सी लवकर ओळखण्याची विद्या गेल्या दीडशे वर्षांत खूप पुढे आली. पण ती येऊन अडली आहे ती या दोन वह्यांमधल्या फटीत, असं माझं म्हणणं आहे. ते पटवायचं तर गोष्ट लंडनपासून सुरू करावी लागेल.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीत आणि शरीर तोलून धरण्यात राहून गेलेला दोष. कागदोपत्री मराठीत ‘मेंदूचा पक्षाघात’ म्हणतात, दवाखान्यात मात्र सगळे ‘सीपी’च म्हणतात. मूळ इजा वाढत नाही. पण बाळ वाढतं, आणि तिचे परिणाम त्याच्याबरोबर उलगडत जातात: स्नायू ताठरतात, सांधे आखडतात, खुबा निखळतो, घास गिळता येत नाही. अडचण अशी की पहिल्या काही महिन्यांत हे फारसं दिसत नाही. मेंदूच्या ज्या भागाला मार बसला, त्याच्यावर काम पडायलाच अजून अवकाश असतो. चालण्याचा दोष चालायच्या वयात दिसणार, हे उघडच आहे. म्हणून शतकभर वैद्यकानं या मुलांना पाहिलं ते दोष पुरता मुरल्यावर.

विल्यम जॉन लिटल हा लंडनचा अस्थिशल्यविशारद. त्याचा स्वतःचा पाय लहानपणापासून वाकडा होता आणि तो त्यानं जर्मनीत जाऊन शस्त्रक्रियेनं सरळ करून घेतला होता. वाकड्या हातापायांची मुलं त्याच्याकडे येत. त्यांतल्या कित्येकांच्या जन्माची हकिगत सारखीच निघते, हे त्याच्या लक्षात आलं: अवघड प्रसूती, अपुरे दिवस, जन्मताच गुदमरणं. १८६१ साली लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या सभेत त्यानं हा संबंध मांडला आणि दाखला म्हणून शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डलाही साक्षीला बोलावलं. पुढे बरीच वर्षं या विकाराला ‘लिटलचा आजार’ म्हणत. १८९७ साली सिग्मंड फ्रॉइडनं (मनोविश्लेषणाच्या आधीचा हा मेंदूविकारांचा डॉक्टर) लिटलच्या या मताला हटकलं. बाळंतपण अवघड झालं म्हणून मेंदू बिघडला असं गृहीत का धरायचं? गर्भातच काही बिघडलेलं असेल आणि अवघड बाळंतपण हे त्याचंच एक लक्षण असेल, असा त्याचा मुद्दा. पुढे अमेरिकेत हजारो गर्भवतींचा पाठपुरावा झाला, त्यावर कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी १९८६ साली निष्कर्ष काढले, आणि फ्रॉइडच्या शंकेला बळ मिळालं: प्रसूतीच्या वेळी गुदमरणं हे त्यांच्या आकडेवारीत थोड्याच मुलांचं कारण निघालं. आपल्याकडे हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नये. जिथं अडलेली बाई तालुक्याहून जिल्ह्याला पोचेपर्यंत तासन् तास जातात आणि कावीळ चढलेलं बाळ उन्हात ठेवून वाट पाहिली जाते, तिथं जन्माच्या आगेमागे टाळता येण्याजोगं पुष्कळ घडत असतं.

मात्र कारण कोणतंही असो, लिटल आणि फ्रॉइड या दोघांसमोरची मुलं मोठी होती, हे विसरता येत नाही. वादी आणि प्रतिवादी दोघेही घटना उलटून गेल्यावर पोचलेले पंच होते.

भारतात या मुलांच्या वाट्याला आणखी एक सावली आली, पोलिओची. मुलाचा पाय लुळा म्हणजे पोलिओ, ही समजूत इतकी पक्की होती की ताठर पायाकडेही त्याच नजरेनं पाहिलं जाई. मुंबईत फातेमा इस्माईल यांनी १९४७ साली पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचार सुरू केले. हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ची. सीपीच्या मुलांची गरज वेगळी आहे, त्यांना शिकवायची रीतच निराळी लागते, हे ठासून सांगणारी संस्था यायला १९७२ उजाडलं. आपल्या मुलीसाठी देशात शाळाच नाही हे पाहून मिथू अलूर यांनी मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ उभी केली. लंडनमध्ये कारेल आणि बेर्टा बोबाथ या नाझींपासून निसटलेल्या दांपत्यानं विकसित केलेली व्यायामपद्धती अशा संस्थांतून आपल्या फिजिओथेरपिस्टांपर्यंत पोचली. काम मोठं होतं, पण दारात येणारं मूल अजूनही दोन-तीन वर्षांचं असे, कधी त्याहून मोठं.

नजर पाळण्यापर्यंत नेण्याचे प्रयत्न दोन वाटांनी झाले. पहिली वाट कोनांची. पॅरिसच्या क्लोदीन आमिएल-तिझाँ यांनी १९६०-७०च्या दशकांत बाळाच्या सांध्यांचे कोन मोजायची पद्धत बसवली. बाळाला उताणं निजवून मांड्या हलकेच फाकवायच्या आणि किती फाकतात ते पाहायचं. पहिल्या तीन महिन्यांत हा कोन साधारण ४० ते ८० अंश, वर्षाच्या अखेरीस १४० ते १६०. कोन उघडत गेला नाही तर स्नायू ताठर आहेत. यंत्र नाही, खर्च नाही, त्यामुळे भारतीय बालरोगतज्ज्ञांनी ही पद्धत चटकन उचलली आणि आजही ती सर्रास वापरतात. गंमत अशी, की हेच माप आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या कुणीतरी घेत आलेलं आहे. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हाताला रोज तेल लागलेलं असतं. मांडी चोळताना ती सैल पडते की आवळून धरते, लंगोट बांधताना पाय फाकतात की कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, हे तिला कोन न मोजता कळतं. ‘हे बाळ अंग फार ताठ धरतंय’ असं ती म्हणतेही. फक्त तिला कुणी विचारत नाही, आणि तिचं म्हणणं केसपेपरवर उतरत नाही.

दुसरी वाट टप्प्यांची: मान कधी धरली, पालथं कधी पडलं, बसलं कधी, रांगलं कधी. आपल्या आज्यांना हे तोंडपाठ. पण शास्त्रासाठी नुसतं ‘वेळेवर’ म्हणून भागत नाही, कोणत्या वयात शंभरांतली किती बाळं ते करतात हे ठाऊक असावं लागतं. अमेरिकन बाळांवरून बेतलेली बेली चाचणी आपल्या बाळांना तशीच लावणं बरोबर नव्हतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांची मापं घेऊन ती चाचणी इथल्या मातीत रुजवली. १९७०मध्ये पहिली आवृत्ती आणि १९९७मध्ये सुधारलेली. ‘डासी’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीत अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक वाढीच्या १६३ पायऱ्या आहेत. तिच्यातूनच १९९१च्या सुमारास बडोदा आणि तिरुवनंतपुरम इथं छोट्या चाळणी-चाचण्या निघाल्या. तिरुवनंतपुरमची तर अवघ्या १७ कलमांची, अंगणवाडी सेविकेलाही करता येईल अशी.

या दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या पुण्यात. के.ई.एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. सुधा चौधरी यांनी धोक्यात जन्मलेल्या बाळांसाठी पाठपुराव्याचा दवाखाना चालवला. १९८७ ते १९८९ या काळात नवजात विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा त्यांनी मागोवा घेतला, आणि तो वर्ष-दोन वर्षांत सोडून दिला नाही. बाराव्या वर्षी, पुढे अठराव्या वर्षीही ही मुलं तपासली गेली. बाराव्या वर्षीच्या अहवालात त्यांचा सरासरी बुद्ध्यांक सर्वसाधारण मर्यादेत होता, तरी पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा कमी. आणि जी लवकरही जन्मली होती आणि पोटातही नीट वाढली नव्हती, ती सगळ्यांत मागे. संशोधनात मूल्य असतं ते अशा चिकाटीला. भाड्याची घरं बदलणाऱ्या, बदलीवर जाणाऱ्या, गावी परतणाऱ्या कुटुंबांचा अठरा वर्षं पत्ता ठेवणं म्हणजे काय, हे ज्यानं एखादं लग्नपत्रिकांचं गाठोडं वाटलं आहे त्याला कळेल. नवजात विभागातून ‘बरं होऊन घरी’ गेलेल्या बाळाची गोष्ट तिथं संपत नाही, हे महाराष्ट्रात या कामानं आकड्यांनिशी दाखवलं.

तरीही दोन्ही वाटांना एक मर्यादा होती. टप्पे चुकले हे कळायला टप्प्यांचं वय यावं लागतं. कोन लवकर मोजता येतात, पण दगा देतात: अपुऱ्या दिवसांच्या कितीतरी बाळांचे स्नायू पहिल्या वर्षी ताठर असतात आणि पुढे आपोआप सैलावतात. नेल्सन आणि एलेनबर्ग यांनीच १९८२ साली दाखवून दिलं, की पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास सीपीचं निदान झालेल्या त्यांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक सातव्या वर्षी त्यातून बाहेर आलेली होती. हा धक्का मोठा होता. निम्म्या आईबापांना विनाकारण रडवायचं का, या प्रश्नाला तेव्हा सरळ उत्तर नव्हतं. म्हणून डॉक्टर ‘थांबू, बघू’ म्हणू लागले आणि घरातली माणसं ‘याचा बापही उशिराच चालला होता’ म्हणू लागली. या थांबण्याला आळस म्हणून हिणवणं सोपं आहे. त्या काळच्या पुराव्यावर ते शहाणपणाचं होतं. चूक झाली ती पुरावा बदलल्यावरही सवय न बदलण्यात.

पुरावा बदलला तो नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला. हाइन्झ प्रेख्टल, जन्म १९२७चा, व्हिएन्नाचा. प्राण्यांना न छेडता नुसतं पाहत राहण्याची कोनराड लोरेन्झची शिस्त त्याच्या अंगात मुरलेली. विरोधाभास असा, की त्यानंच १९६४ साली नवजात बाळाच्या मेंदूच्या तपासणीचं पुस्तक सहकाऱ्यासोबत लिहिलं होतं, आणि त्यात बाळाला ओढून, टेकवून, ठोकून पाहण्याची सगळी रीतसर पद्धत होती. पुढे त्यानंच प्रश्न उलटा केला: बाळाला आपण काय करायला लावतो हे सोडा, आपण काहीच केलं नाही तर ते काय करतं? सोनोग्राफी आली आणि उत्तर गर्भातच दिसलं. १९८२ साली त्यानं आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं की दोन-सव्वादोन महिन्यांचा गर्भही आपणहून हलतो, आणि त्या हालचाली जन्मानंतरही काही काळ तशाच चालू राहतात. मेंदू स्वतःच त्या उत्पन्न करतो. मग मेंदू दुखावला असेल तर त्यांची संख्या नाही, ढब बदलेल. गवई कोणता राग गातो हे ओळखायला सूर मोजत बसावे लागत नाहीत, चलन ओळखीचं असावं लागतं. प्रेख्टलचा आग्रह काहीसा तसाच होता.

पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मापासून साधारण दोन महिने हातपाय, मान, धड मिळून सावकाश वळवळ चालते, तिच्यात लय असते, ती चढते आणि विरते. मग तिची जागा चुळबुळ घेते: मनगटं, घोटे, खांदे, मान, सगळीकडे बारीक बारीक, गोलसर, न थांबणाऱ्या हालचाली. नवव्या आठवड्याच्या सुमारास ही चुळबुळ सुरू होते, विसाव्याच्या आसपास मावळते आणि मूल हेतूनं हात पुढे करू लागतं. दुखावलेल्या मेंदूत वळवळ आखडते, सगळे अवयव एकदम ताठ होतात आणि एकदम सुटतात; त्याहून मोठी खूण म्हणजे चुळबुळ उमटतच नाही. १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रेख्टल आणि सहकाऱ्यांनी १३० बाळांचा हिशेब मांडला. चुळबुळ व्यवस्थित असलेल्या ७० बाळांपैकी ६७ पुढे ठीक निघाली. जिथं ती नव्हती किंवा विचित्र होती, अशा ६० पैकी ५७ मुलांत दोष निघाला आणि त्यांतल्या ४९ जणांना सीपी होता. मेंदूची सोनोग्राफीही इतकं अचूक सांगत नव्हती. आणि साहित्य काय? बाळ उताणं, हातपाय उघडे, जागं, न रडणारं, हातात खुळखुळा नाही, तोंडात चोखणी नाही, समोर कुणी लाडानं बोलणारं नाही. वरून कॅमेरा, तीन ते पाच मिनिटं. पाहणाऱ्यानं आवाज बंद करून पाहायचं, म्हणजे खोलीतल्या आवाजांनी लक्ष विचलित होत नाही. आपल्या घरात या यादीतलं सगळ्यांत अवघड कलम गप्प राहण्याचं ठरेल. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ मोकळं करायचं आणि पाच मिनिटं कुणी ‘अले ले’ करायचं नाही.

२०१७ साली आयोना नोव्हाक यांच्यासह जगभरच्या तज्ज्ञांनी पुरावे एकत्र केले आणि सांगितलं, की पाचव्या महिन्याआधीही सीपीचं निदान भरवशानं करता येतं: ही चुळबुळीची पाहणी, मेंदूचा एमआरआय आणि लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात विकसित झालेली २६ कलमांची तपासणी यांच्या जोरावर. तोवर निदानाचं वय १२ ते २४ महिने धरलं जात होतं.

इथं आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला, इतक्या लवकर शिक्का मारून काय साधणार, औषध तर नाही. खरं आहे, दुखावलेला भाग भरून काढणारं औषध नाही. लवकर सुरू केलेल्या व्यायामानं सीपी नाहीसा होतो असा दावा कुणी केला तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं. पण खुबा निखळण्याआधी क्ष-किरणानं लक्ष ठेवणं, दूध फुफ्फुसात जाण्याआधी पाजायची रीत बदलणं, नजर आणि ऐकणं वेळेत तपासणं, हे उशिरा करून चालत नाही. शिवाय ६७ विरुद्ध ३ हा आकडा पुन्हा वाचावा. नवजात विभागात महिना काढून आलेल्या बाळांच्या घरांत बहुतेकांना या पाहणीतून मिळणार आहे तो दिलासा. शिक्क्याची भीती बाळगणाऱ्यांनी दोन वर्षांच्या अनिश्चिततेची किंमतही मांडायला हवी, विशेषतः ती सून म्हणून सासरी मोजावी लागते तेव्हा. दुसरा आक्षेप, हे पाहायला शिकलेले डोळे हवेत, ते आणायचे कुठून? चित्रीकरण फोनवर होतं आणि पाहणारा दुसऱ्या शहरात असला तरी चालतो. शंभर गावांत शंभर तज्ज्ञ लागत नाहीत. अडचण तज्ज्ञांच्या संख्येपेक्षा तारखेची आहे, आणि तिथं आपण औरंगपुऱ्यात परत येतो.

महाराष्ट्रानं नवजात बाळ जगवण्याच्या कामात देशाला वाट दाखवली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना गुदमरलेलं बाळ सावरायला शिकवलं; १९९९च्या त्यांच्या अहवालात नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटलेले दिसले, आणि २०११ साली घरोघरी जाऊन नवजात बाळ पाहण्याचं काम देशभरच्या आशाताईंकडे आलं. जन्मतः असलेले दोष आणि वाढीतला विलंब शोधणारा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला तोही तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमध्ये. त्यात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. २०१६च्या कायद्यानं सीपीला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत जागा दिली. कागदावर साखळी पुरी आहे. पण आशाताईंच्या नवजात भेटी ४२व्या दिवशी संपतात, म्हणजे चुळबुळ सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी. अंगणवाडीत तपासणीचं पथक वर्षातून दोनदा येतं. अडीच महिने टिकणारी खूण त्याच्या फेरीत सापडली तर नशीब. पुढच्या घरभेटी २०१८पासून तिसऱ्या महिन्यापासून होतात, पण त्यांचा भर दूध, वजन आणि टप्प्यांवर.

आता लसीकरणाचं वेळापत्रक पाहा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस, म्हणजे ६, १० आणि १४ आठवडे. यातले शेवटचे दोन थेट चुळबुळीच्या काळात येतात. बाळ घरातून बाहेर निघतं, आरोग्यसेविकेसमोर येतं, त्याचं कार्ड उघडलं जातं. देशात दुसरी कोणतीही यंत्रणा इतक्या बाळांना या वयात गाठत नाही. सगळ्यांचं चित्रण करायची गरज नाही. नवजात विभागात राहून आलेल्या बाळांचं केलं तरी पुरे. इथं एक खोच आहे, आणि ती न सांगणं अप्रामाणिक होईल. डोस जन्मतारखेवरून दिले जातात. चुळबुळ मात्र दिवस भरले असते त्या तारखेवरून मोजावी लागते. आठ आठवडे आधी जन्मलेलं बाळ साडेतीन महिन्यांच्या डोसला येतं तेव्हा मेंदूच्या हिशेबानं दीड महिन्याचंच असतं. त्याची चुळबुळ पाहायची तर जन्मानंतर १७ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा बोलवावं लागेल. ज्या बाळांना धोका सर्वाधिक, नेमकी तीच वेळापत्रकातून निसटतात. त्यांच्यासाठी नवजात विभागातून सुट्टी देतानाच ही तारीख मोजून कार्डावर लिहावी लागेल, आणि ती घाटीसारख्या रुग्णालयाच्या वहीतून गावातल्या आशाताईच्या वहीत पोचावी लागेल.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, यंत्रणेला फुकट पडणारी. रडणाऱ्या बाळाची चुळबुळ वाचता येत नाही. म्हणून डोसच्या दिवशी दुपटं सोडायचं, फोन धरायचा आणि तीन मिनिटं गप्प उभं राहायचं ते सुई टोचायच्या आधी.